परमा, गरमी आणि वांझपणाचा डाग



आजचा विषय ऐकून काहीजणी रेडिओचा आवाज बारीक करतील, हे आम्हाला ठाऊक आहे. घरात सासरे असतात, दीर असतात, पोरं अभ्यासाला बसलेली असतात. आवाज बारीक करा, पण रेडिओ बंद करू नका. हळदीकुंकवाला एखादीला मुद्दाम बोलावलं जात नाही, डोहाळजेवणात एखादी कोपऱ्यात उभी राहते, ओटी भरायला तिला पुढं करत नाहीत. त्या एखादीबद्दलच आज बोलायचं आहे.

आपल्या भाषेत ‘वांझ’ हा शब्द कुणासाठी येतो बघा. वांझ गाय, वांझ जमीन, वांझ बाई. ज्या पुरुषापासून मूल होत नाही, त्याच्यासाठी रोजच्या बोलण्यात असा शब्दच नाही. त्याच्याबद्दल म्हणतात, ‘बिचाऱ्याला बायको वांझ मिळाली.’ मग दुसरं लग्न, नवस, अंगारे-धुपारे, देवऋषी. हे सगळं बाईच्या एकटीच्या अंगावर. आणि तिच्या पोटातल्या नळ्या कुणामुळं बंद झाल्या हे कुणी विचारतच नाही. नळ्या बंद होण्याची कारणं अनेक आहेत, ती पुढं येतीलच. त्यातलं एक मोठं कारण म्हणजे शरीरसंबंधातून येणारे आजार. हे कारण माणसाला कधी कळलं, कुणी सांगितलं, आणि सांगूनही ते इतकी वर्षं का दडून राहिलं, त्याचा हा इतिहास आहे.

आधी नावं. डॉक्टर ज्याला गोनोरिया म्हणतात तो आपला परमा. सिफिलिस म्हणजे गरमी. दोन्ही शब्द जुन्या माणसांच्या तोंडी होते, पण बायकांच्या तोंडी फारसे नाहीत. हे पुरुषांनी पुरुषांत बोलायचे शब्द. बाईजवळ एकच वाक्य होतं, ‘अंगावरून पांढरं जातं.’ त्यात सगळं आलं.

गरमीला वैद्यांनी आणखी एक नाव दिलं होतं, फिरंग रोग. सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाश’ या आयुर्वेदाच्या ग्रंथात हे नाव येतं. फिरंगी म्हणजे युरोपातून, जहाजातून आलेली माणसं. त्यांच्याबरोबर आलेला तो फिरंग रोग. त्यावर पारा आणि चोपचिनी सांगितली आहे. आपण फिरंग्यांचं नाव घेतलं, तसं युरोपातही चाललं होतं. इटलीतले लोक त्याला फ्रेंचांचा रोग म्हणत, फ्रान्समधले लोक नेपल्सचा रोग म्हणत. हा आजार प्रत्येकाला शेजाऱ्याकडूनच आलेला असतो! देशादेशांत जे झालं तेच घराघरांत झालं. घरातला ‘शेजारी’ म्हणजे बायको, एवढाच फरक.

परम्याची गोष्ट निराळी. गरमीची लोकांना धास्ती होती, कारण ती अंगावर दिसायची. परमा मात्र तरुणपणातली किरकोळ गोष्ट समजली जायची, सर्दी-पडशासारखी. लघवीला जळजळ होते, पू येतो, काही आठवड्यांत थांबतं. थांबलं म्हणजे बरं झालं. मग लग्न करायला मोकळा. बाईला परमा होतो का, झाला तर पुढं काय होतं, याची चौकशी करायची कुणाला गरज वाटली नाही.

ही चौकशी केली एमिल नॉगेराथ नावाच्या डॉक्टरांनी. ते मूळचे जर्मनीतले, काम करायचे अमेरिकेत, न्यूयॉर्क शहरात. स्त्रीरोगांवर उपचार करताना त्यांच्यासमोर एकसारख्याच बाया येत राहिल्या. लग्नाआधी धडधाकट, लग्नानंतर काही महिन्यांत ओटीपोट दुखायला लागलेलं, कंबर धरलेली, अंगावरून जात असलेलं. मूल एकतर नाहीच, किंवा एक होऊन पुढं काही नाही. त्यांनी मग नवऱ्यांना विचारायला सुरुवात केली. लग्नाआधी परमा झाला होता का? उत्तर यायचं, झाला होता, पण कधीच बरा झाला.

१८७२ साली नॉगेराथ यांनी यावर पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की पुरुषाचा परमा बरा झाल्यासारखा दिसतो, पण आत दडून राहतो. तो बायकोला लागतो. तिलाही वरवर काही दिसत नाही, पण आतल्या आत तिची पिशवी आणि नळ्या खराब होतात, आणि तिला मूल होत नाही. थोडक्यात, वांझ म्हणवली जाणारी बाई नवऱ्याकडून आजार घेऊन बसलेली असू शकते.

चार वर्षांनी, १८७६ मध्ये, अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संस्थेच्या पहिल्या सभेत त्यांनी हेच मांडलं. समोर सगळे पुरुष डॉक्टर. फारसं कुणाला पटलं नाही, उलट त्यांची टरच उडवली गेली. खरं सांगायचं तर नॉगेराथ यांनीही आकडे फुगवून सांगितले होते. जवळपास सगळ्याच पुरुषांना परमा होतो आणि तो कधीच बरा होत नाही, असा त्यांचा सूर होता, आणि तो बरोबर नव्हता. पण मूळ मुद्दा बरोबर होता. आम्हाला वाटतं, समोरच्यांना आकड्यांपेक्षा तो मुद्दाच जास्त झोंबला असणार. प्रतिष्ठित घरातल्या नवऱ्याकडं बोट दाखवलेलं कुणाला आवडतं?

नॉगेराथ यांच्याजवळ एक पुरावा नव्हता. आजार ‘दडून राहतो’ म्हणजे नेमकं काय दडतं? ते १८७९ मध्ये दिसलं. जर्मनीतल्या ब्रेस्लाऊ शहरात आल्बर्ट नायसर या चोवीस वर्षांच्या डॉक्टरनं सूक्ष्मदर्शकाखाली परम्याचा जंतू पाहिला. कॉफीच्या दोन बिया समोरासमोर ठेवाव्यात तशी जोडी. तोच जंतू पुरुषाच्या पुवात सापडला, बाईच्या स्रावात सापडला, आणि नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या डोळ्यांतल्या घाणीतही सापडला. एका घरातल्या तिघांचा आजार एकच, हे आता डोळ्यांनी दिसत होतं.

बाळाच्या डोळ्यांचं जरा सांगतो. बाळंतपणात आईच्या वाटेतून येताना तो जंतू बाळाच्या डोळ्यांत जातो आणि डोळे जातात. त्या काळी युरोपात जन्मापासून आंधळ्या मुलांमध्ये अशी मुलं पुष्कळ असत. लाइपझिगच्या दवाखान्यातले डॉक्टर क्रेडे यांनी जन्मल्याबरोबर प्रत्येक बाळाच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचा एकेक थेंब टाकायला सुरुवात केली. आधी शंभरातल्या दहाएक बाळांचे डोळे येत, ते प्रमाण एकाच्याही खाली आलं. १८८१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं आणि जगभर ती रीत पडली. बाळाचे डोळे वाचले, चांगलंच झालं. पण बाळाला आजार दिला कुणी, तर आईनं. आणि आईला कुणी दिला, हा प्रश्न पुन्हा तसाच मागं राहिला.

आणि ज्या नायसरांचं नाव आपण आत्ता घेतलं, त्यांचीही दुसरी बाजू सांगायला हवी. पुढं गरमीवर लस शोधण्याच्या नादात त्यांनी दवाखान्यात आलेल्या मुलींना आणि वेश्याव्यवसायातल्या बायकांना, त्यांना काही न सांगता, गरमीच्या रोग्यांच्या रक्तातलं पाणी टोचलं. त्यातल्या काहींना गरमी झाली. हे उघडकीस आलं तेव्हा मोठा गदारोळ उठला आणि १९०० साली त्यांना दंड झाला. माणसावर प्रयोग करण्याआधी त्याला सगळं समजावून सांगून त्याची संमती घ्या, असा हुकूम त्यानंतर तिथल्या सरकारनं काढला. आज ऑपरेशनच्या आधी आपण कागदावर अंगठा किंवा सही करतो ना, त्या कागदाच्या पूर्वजांपैकी हा एक. तेव्हा सही करण्याआधी वाचून घ्या, नाहीतर वाचायला लावा.

आता आपल्या देशाकडं येऊ. या आजारांची इंग्रज सरकारला काळजी होती, पण ती गोऱ्या शिपायांची. छावण्यांत परमा आणि गरमीनं शिपाई आजारी पडत, दवाखान्यात पडून राहत, पलटणीची माणसं कमी होत. म्हणून १८६८ साली सरकारनं सांसर्गिक रोगांचा कायदा केला. काय होता कायदा? वेश्याव्यवसायातल्या बायकांची नोंदणी करायची, त्यांना ठरलेल्या दिवशी तपासणीला हजर राहायला लावायचं, आजार आढळला की ‘लॉक हॉस्पिटल’मध्ये कोंडून ठेवायचं. दवाखाना कसला, कोंडवाडाच. तपासणीला गेली नाही तर दंड किंवा तुरुंग. आणि तिच्याकडं येणाऱ्या पुरुषांसाठी असा कायदा? तो नव्हता. नोंदणी बाईची, तपासणी बाईची, कैद बाईला.

असाच कायदा इंग्लंडमध्ये १८६४ पासून होता. तिथं जोसेफीन बटलर या बाईंनी त्याविरुद्ध वर्षानुवर्षं चळवळ चालवली. त्यांचं म्हणणं साधं होतं, की एकाच कृत्यासाठी बाईला शिक्षा आणि पुरुषाला मोकळीक, हा कायदा नव्हे. १८८६ मध्ये तिथला कायदा रद्द झाला, आणि १८८८ मध्ये आपल्याकडचा. पण कागदावर रद्द झालेलं छावण्यांत चालूच आहे की काय, अशी शंका होती. म्हणून १८९१-९२ च्या सुमारास अमेरिकेतून एलिझाबेथ अँड्र्यू आणि डॉक्टर कॅथरिन बुशनेल या दोघीजणी हिंदुस्थानात आल्या. छावण्याछावण्यांतून हिंडल्या, त्या बायकांशी बोलल्या, आणि सक्तीच्या तपासण्या अजून चालू असल्याचं त्यांनी विलायतेत जाऊन सांगितलं. सरकारला ते नाकारता आलं नाही.

या सगळ्या धामधुमीत एक बाई कुठंच दिसत नाही. ती म्हणजे घरात बसलेली, लग्नाची बायको. शिपायासाठी कायदा होता, वेश्येसाठी कोंडवाडा होता, तिच्यासाठी काहीच नव्हतं. पुरुष डॉक्टरला दाखवायचं नाही, बाई डॉक्टर मिळत नाही. मुंबईत बाया-मुलांसाठी कामा हॉस्पिटल सुरू झालं ते १८८६ मध्ये. त्याच वर्षी आपल्या आनंदीबाई जोशी अमेरिकेतून डॉक्टर होऊन परत आल्या, आणि पुढच्याच वर्षी गेल्या. खेड्यातल्या बाईपर्यंत यातलं काही पोहोचायला किती काळ जायचा होता, ते पुढं येईलच.

मराठीत या विषयावर उघडपणे लिहिणारे पहिल्या काही माणसांपैकी एक म्हणजे रघुनाथ धोंडो कर्वे. महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि त्यापायी त्यांना प्राध्यापकीवर पाणी सोडावं लागलं. गुप्तरोगांपासून बचाव कसा करावा यावर त्यांनी पुस्तक लिहिलं. १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केलं आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत चालवलं. त्यांची पत्नी मालतीबाई नोकरी करून घर चालवत होत्या, म्हणून ते चाललं. हे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण मासिकाच्या इतिहासात त्यांचं नाव बारीक अक्षरात येतं. अश्लीलतेचा ठपका ठेवून कर्व्यांवर खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूनं कोर्टात उभे राहिले ते डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर. खटला कर्वे हरले, दंड भरला, आणि पुन्हा लिहायला बसले. रोग लपवून ठेवल्यानं वाढतो, हे सांगणाऱ्याला कोर्टात उभं राहावं लागत होतं.

आता औषधांकडं वळू. १९०६ साली रक्त तपासून गरमी ओळखता येऊ लागली. १९१० मध्ये पॉल एर्लिख यांचं साल्व्हर्सान हे औषध बाजारात आलं. ते सोमलापासून केलेलं, घ्यायला त्रासदायक. पण पाऱ्यानं दात पडण्यापेक्षा बरं. १९३० नंतर सल्फाच्या गोळ्या आल्या आणि परमा बरा व्हायला लागला. १९४३ मध्ये गरमीच्या रोग्यांना पहिल्यांदा पेनिसिलीन दिलं, आणि शेकडो वर्षांचा आजार काही इंजेक्शनांत हटला. लोकांना वाटलं, संपलं आता.

पण संपलं नाही, आणि का नाही ते समजण्यासाठी आपल्या पोटात काय होतं ते बघू.

आपली पिशवी मुठीएवढी असते. तिच्या दोन्ही बाजूंना दोन नळ्या. आतली वाट दोऱ्याएवढी बारीक. नळीच्या आतून मखमलीसारखी लव असते, आणि त्या लवेच्या लाटेवर बीज पिशवीकडं सरकत येतं. परम्याचा जंतू आधी पिशवीच्या तोंडाशी बसतो. तिथं तो महिनोन् महिने गुपचूप राहू शकतो. बाईला कळतही नाही, किंवा थोडं पांढरं जास्त जातं, एवढंच. पाळीच्या वेळी, बाळंतपणानंतर किंवा गर्भ पाडल्यावर पिशवीचं तोंड उघडं असतं, तेव्हा तो वर चढतो. नळ्या सुजतात, कधी पू होतो. सूज उतरताना आतून वण धरतो. भाजल्यावर कातडी आवळून चिकटते ना, तसंच. लव जळून जाते, नळी चिकटते. मग बीज आणि शुक्रजंतू यांची गाठच पडत नाही. नळी अर्धवट चिकटली असेल तर गर्भ नळीतच अडकून वाढायला लागतो आणि नळी फुटते. ते तर जिवावर बेततं.

‘पहिलं मूल झालं, नंतर काही राहिलंच नाही’, असं आपण किती जणींबद्दल ऐकतो. जुन्या डॉक्टरांनी याला ‘एका मुलाचं वांझपण’ असं नावच दिलं होतं, आणि त्यांचा संशय परम्यावर होता. पहिल्या बाळंतपणानंतर जंतू वर चढला आणि दार बंद करून बसला.

औषधानं जंतू मरतो, पण धरलेला वण जात नाही. म्हणून औषध किती लवकर मिळालं यावर सगळं असतं. स्वीडनमधल्या लुंड शहरात डॉक्टर वेस्ट्रॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नळ्यांची सूज आलेल्या बायकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा हिशेब असा. एकदाच सूज येऊन गेली असेल, तर शंभरातल्या आठ जणींना नळ्यांमुळं मूल झालं नाही. दोनदा आली असेल तर एकोणीस-वीस जणींना. तीन किंवा जास्त वेळा आली असेल तर चाळीस जणींना. आणि हे स्वीडनमधलं, जिथं दवाखाना दाराशी आहे.

एवढ्यात आणखी एक जंतू उजेडात आला, क्लॅमिडिया. हा परम्यापेक्षाही मुका. बहुतेक बायकांना त्याचं एकही लक्षण दिसत नाही. पोट दुखत नाही, ताप नाही, आणि नळ्या मात्र बंद होत जातात. याला आपल्याकडं परमा-गरमीसारखं गावठी नावही नाही.

गरमीचं निराळं आहे. गरमीत पोट राहतं, पण टिकत नाही. पाचव्या-सहाव्या महिन्यात पडतं, किंवा पोटातच मेलेलं बाळ होतं, किंवा जन्मतःच आजारी. अशा बाईला लोक ‘हिला मूल लाभत नाही’ म्हणतात आणि करणी शोधत बसतात.

जगात या आजारांनी सगळ्यात मोठा घाव कुठं घातला असेल, तर मध्य आफ्रिकेत. कॅमेरून, गॅबॉन, मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक, काँगोचा उत्तर भाग असा एक लांबलचक पट्टा आहे. तिथं विसाव्या शतकाच्या मध्याला काही भागांत चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या पाच बायांमागं एक किंवा जास्त अशा होत्या, ज्यांना आयुष्यात एकही मूल झालेलं नव्हतं. गावंच्या गावं मुलांविना. युरोपातल्या काही लोकांनी त्याला वाट्टेल ती कारणं चिकटवली. आन रेतेल-लोराँतँ या फ्रेंच डॉक्टर बाईंनी तिथं राहून, बायकांना विचारून अभ्यास केला, तेव्हा परमा आणि गरमीचा धागा सापडला. वसाहतीच्या काळात रबर आणि हस्तिदंतासाठी कंपन्यांनी माणसांना घरापासून तोडलं, पुरुषांना लांबलांब वेठीला नेलं, त्यांच्या मागोमाग आजार पसरला. पुढं जागतिक आरोग्य संघटनेनं १९७९ ते १९८४ या काळात २५ देशांत मूल नसलेल्या जोडप्यांची एकाच पद्धतीनं तपासणी केली. आफ्रिकेतल्या अशा बायांपैकी शंभरात पंच्याऐंशीहून जास्त जणींच्या आजाराचं मूळ जंतुसंसर्गात होतं. सगळ्या जगाचं मिळून ते प्रमाण तेहतीस होतं. म्हणजे तो शाप नव्हता, वंशाचा दोष नव्हता. वेळेवर न मिळालेलं औषध होतं.

आणि आपलं गाव? आपल्याला १९८६ पर्यंत थांबावं लागलं.

गडचिरोली जिल्ह्यात डॉक्टर राणी बंग आणि डॉक्टर अभय बंग यांनी ‘सर्च’ ही संस्था काढून काम सुरू केलं होतं. राणीताई स्त्रीरोगतज्ज्ञ. बायका त्यांच्याकडं येऊन बोलत. पांढरं जातं, कंबर जाते, पाळीत दुखतं, मूल राहत नाही. सरकारी कार्यक्रमाला मात्र खेड्यातली बाई दोनदाच दिसायची, बाळंतपणात आणि ऑपरेशनच्या वेळी. मधल्या काळातल्या तिच्या दुखण्याची नोंद कुठंच नव्हती. राणीताईंनी जगभरचं लिखाण धुंडाळलं. खेड्यातल्या सगळ्या बायका तपासून त्यांच्यात किती आजार आहेत हे सांगणारा अभ्यास त्यांना मिळाला नाही. तेव्हा त्यांनी तो स्वतःच केला. वसा आणि अमिर्झा ही दोन गावं. दवाखान्यात आपणहून येणाऱ्या बायकाच नव्हेत, तर घरोघरच्या बायका. एकूण ६५० जणी. आधी बोलणं, मग तपासणी, मग प्रयोगशाळा, आणि उपचार.

विचार करा, १९८६ सालचं खेडं. कधी कुणाला न दाखवलेलं अंग तपासायला साडेसहाशे बाया तयार झाल्या. अभ्यासाचं श्रेय डॉक्टरांना मिळालं ते रास्तच आहे, पण आमच्या लेखी निम्मं धाडस त्या बायकांचं आहे. त्यांची नावं कुठं छापलेली नाहीत.

निकाल असा आला. निम्म्याहून थोड्या जास्त जणींनी तक्रार सांगितली होती, पण तपासल्यावर शंभरातल्या ब्याण्णव जणींना एक ना एक आजार निघाला. सरासरी काढली तर एका बाईमागं साडेतीनहून जास्त आजार. त्यातले निम्मे जंतुसंसर्गाचे. आणि याआधी कधी तरी या दुखण्यासाठी तपासणी आणि उपचार झालेल्या किती होत्या? शंभरातल्या आठ. १९८९ च्या जानेवारीत हा अभ्यास ‘लॅन्सेट’ या इंग्लंडच्या मोठ्या वैद्यकीय पत्रिकेत छापून आला.

एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. हे सगळे आजार शरीरसंबंधातून आलेले नव्हते. काही बाळंतपणात झालेल्या हयगयीनं, काही योनीतले नेहमीचे जंतू बिघडून, काही पाळीचे. पांढरं जाणाऱ्या प्रत्येक बाईला ‘नवऱ्यानं आणलं’ म्हणणं चूक, आणि ‘तीच तशी’ म्हणणं तर पापच. थोडं पांढरं जाणं हे तर निरोगीपणातही असतं. वास, खाज, रंग, पू, ओटीपोटात कळ असं काही असेल तेव्हा दाखवायचं. पण त्या अभ्यासानं एक झालं. खेड्यातली बाई गप्प आहे म्हणजे ती बरी आहे, असं म्हणायची सोय राहिली नाही. १९९४ मध्ये कैरोला लोकसंख्येवर जगाची परिषद भरली, तिथं बाईच्या प्रजनन आरोग्याचा मुद्दा मध्यभागी आला. १९९७ मध्ये आपल्या सरकारनं प्रजनन व बाल आरोग्य कार्यक्रम सुरू केला, त्यात या संसर्गांवरचे उपचार घेतले गेले. गडचिरोलीच्या त्या दोन गावांचा यात वाटा आहे.

तोवर एचआयव्ही आला होता. १९८६ मध्येच चेन्नईत तो आपल्या देशात पहिल्यांदा सापडला. पुन्हा जुनीच गोष्ट सुरू झाली. बोट वेश्याव्यवसायातल्या बायकांकडं, घरातली बायको सुरक्षित. पुण्यात १९९३ ते १९९६ या काळात गुप्तरोगांच्या दवाखान्यांत आलेल्या नऊशेहून जास्त बायकांची तपासणी झाली. त्यातल्या ३९१ जणी वेश्याव्यवसायातल्या नव्हत्या. बहुतेक लग्नाच्या, बहुतेकींचा आयुष्यात नवऱ्याखेरीज कुणाशी संबंध नाही. त्यांच्यात शंभरामागं तेरा-चौदा जणींना एचआयव्ही निघाला. १९९७ मध्ये हे प्रसिद्ध झालं. नॉगेराथ यांनी १८७२ मध्ये परम्याबद्दल जे सांगितलं होतं, तेच सव्वाशे वर्षांनी पुण्यात पुन्हा सिद्ध झालं, फक्त जंतू बदलला.

आता आज काय करायचं ते सांगून थांबतो. जिल्हा रुग्णालयात आणि बऱ्याच उपजिल्हा रुग्णालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं. तिथं तपासणी आणि औषधं फुकट मिळतात. लक्षणांनुसार वेगवेगळ्या रंगांच्या पाकिटांत औषधं बांधलेली असतात. नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं, आणि ते मागून घ्यावं. एकटीनं घेतलं तर आठ दिवसांनी आजार परत येणार, कारण तो घरातच आहे. दोघांचं औषध पुरं होईपर्यंत संबंध नको, ठेवलाच तर निरोध वापरूनच. गरोदरपणात रक्त तपासताना गरमीची आणि एचआयव्हीची तपासणी झाली का, हे आशाताईंना विचारा. पाळी चुकलेली असताना ओटीपोटात एका बाजूला जोराची कळ आली आणि चक्कर आली, तर ‘बघू उद्या’ म्हणू नका, गाडी करा.

आणि वर्षभर प्रयत्न करून मूल राहत नसेल, तर पहिली तपासणी नवऱ्याच्या वीर्याची. ती सोपी आहे, स्वस्त आहे, कापाकापी नाही, आणि मूल नसलेल्या जोडप्यांत जवळपास निम्म्या वेळा पुरुषाचाही वाटा असतो. परमा किंवा क्लॅमिडियानं पुरुषाच्याही नळ्या बंद होतात. बायकोच्या नळ्या तपासायला औषध सोडून एक्स-रे काढतात, तो त्यानंतर. नळ्या बंद निघाल्या तर टीबीची तपासणी झाली का ते विचारा, कारण आपल्या देशात पिशवीचा टीबी हेही नळ्या बंद होण्याचं मोठं कारण आहे, आणि त्यात कुणाच्याच वागण्याचा संबंध नसतो. नवरा तपासणीला यायला तयार नसेल, तर गटातल्या दोघीतिघींनी मिळून सासूबाईंशी बोला. नवऱ्यापेक्षा त्यांचं मन वळवणं पुष्कळदा सोपं जातं, कारण नातवंड त्यांनाही हवं असतं.